ग्लूटेनशिवाय सायकल आणि संसार : गिरणी, डबा आणि दोनशे किलोमीटर

पहिली गोष्ट तपासणीची, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं अडतं. ग्लूटेन म्हणजे गहू, जव अशा धान्यांतलं प्रथिन, आणि सीलिअॅक म्हणजे ते पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. टीटीजी-आयजीए (सीलिअॅकमध्ये रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) आणि सोबत एकूण आयजीए, अशा दोन चाचण्या लागतात. गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासायला घेतात. दोन-तीन महिने गहू सोडून मग तपासायला गेलात तर अहवाल साफ येऊ शकतो, आणि खात्री करायची तर पुन्हा कित्येक आठवडे पोळी खाण्याची वेळ येते. सायकलवाल्यांनी एका खुणेकडे खास लक्ष द्यावं. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल आणि नेहमीच्या चढावर दम लागत असेल, तर दोष सरावाला देण्याआधी ही चाचणी करा. आई-वडिलांपैकी एकाला सीलिअॅक असेल तर मुलांमध्ये ते असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणून मुलांचीही तपासणी करा, आणि तीही ती गहू खात असतानाच.

पुढचं सगळं सीलिअॅकचं निदान झालेल्यांसाठी आहे. नुसतं पोट हलकं वाटावं म्हणून गहू कमी केलेल्यांना इतकी काटेकोर शिस्त लागत नाही.

काय बंद, काय चालू

गहू, जव आणि राय (गव्हासारखं परदेशी धान्य, मोहरी नव्हे) ही तीन धान्यं बंद. बाजारातले साधे ओट्सही बंद, कारण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळत आलेला असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा आणि सगळ्या डाळी चालतात. भाकरीच्या मुलखात हा आहार पाळणं तसं सोपं आहे. मात्र आपल्या घरांत काही ठरावीक ठिकाणी हमखास फसगत होते.

खपली गहू हा गहूच आहे. 'जुनं वाण आहे, पचायला हलकं' असं सांगून दुकानदार देतील, घेऊ नका. सातूच्या पिठात डाळव्याबरोबर गहू किंवा जव असतो. मेतकुटात थोडे गहू भाजून घालायची रीत आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतो. चकलीच्या भाजणीत सहसा पडत नाही, पण विकतची असेल तर विचारा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. लापशी, शेवया आणि रवा गव्हाचेच. मुलांच्या दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींमध्ये माल्ट असतं, म्हणजे जव. इथे एक फरक नीट समजून घ्या : माल्ट चालत नाही, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेलं कर्बोदक) चालतं. सायकल चालवताना ताकदीसाठी खायच्या बहुतेक जेलमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन असतं. नावं सारखी म्हणून घाबरून जेल टाकून देणारे आहेत, तसेच माल्टची पावडर बिनधास्त पिणारेही आहेत.

आणि हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बहुधा मैदा असतो, काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. हिंग आमटीत, लोणच्यात, पापडात, गोड्या मसाल्यात, फरसाणात सगळीकडे असतो, त्यामुळे ही एक डबी बदलली की निम्मी लढाई जिंकलीत. घटकांच्या यादीत तांदळाचं पीठ लिहिलेला हिंग आणा, नाहीतर खडा हिंग आणून घरी कुटा. भारतात पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. 'लो ग्लूटेन'ची मर्यादा २० ते १०० मिलिग्रॅम आहे, ते पाकीट आपल्यासाठी नाही.

गिरणी

ज्वारी निर्दोष, पण ती दळली कुठे? खरी अडचण ही आहे. गिरणीत सकाळपासून गहू दळला जातो आणि त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. पहिलं किलोभर पीठ तर गव्हाचं शिल्लक पीठ घेऊनच बाहेर येतं. ज्वारीचं जातं वेगळं असलं तरी हवेत उडणारं पीठ, सुपडं, डब्यात पीठ दाबायचा दांडका आणि चाळणी सगळ्यांना एकच. उपासाचं पीठ दळताना गिरणीवाले जातं झाडून घेतात, पण झाडल्याने ग्लूटेन जात नाही.

दररोज साधारण ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते, असं दिसून आलं आहे. एका पोळीत ३० ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक रोज पोटात जाणं पुरेसं आहे. गिरणीच्या पिठात एवढं सहज येतं. 'भाकरीच खातो तरी पोट का बिघडतं' याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

मार्ग तीन. पहिला आणि सगळ्यांत चांगला म्हणजे घरघंटी, जिच्यात गहू कधीच दळायचा नाही, शेजाऱ्यांचासुद्धा. जुनी घेऊ नका, आतले कोपरे कितीही पुसले तरी पीठ निघत नाही. दळण्याआधी ज्वारी परातीत पसरून दोनदा निवडा, पोत्यात गव्हाचे दाणे निघतातच. मग धुऊन, कडक वाळवून दळा. दाणा ओला राहिला तर पीठ जात्याला चिकटतं. दुसरा मार्ग, प्रमाणित ग्लूटेन-फ्री पीठ विकत आणा. महाग पडतं, पण पहिले सहा महिने तरी, आतडं भरून येत असताना, आम्ही हाच सुचवू. तिसरा मार्ग कोकणातल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. पीठच नको : तांदूळ भिजवून मिक्सरमध्ये वाटायचे आणि घावन, आंबोळी, डोसा घालायचा. मिक्सरचं भांडं घासून स्वच्छ होतं, गिरणी होत नाही.

एकाच घरात पोळी आणि भाकरी

घरात बाकीचे गहू खाणार असतील तर लाकडाच्या आणि जाळीच्या वस्तू वेगळ्या ठेवा : पोळपाट, लाटणं, पिठाची चाळणी, गाळणी. लाकडाच्या चिरांमध्ये आणि जाळीत पीठ बसतं. स्टीलची परात, कुकर, काचेची भांडी घासली की चालतात. भाकरीचा तवा वेगळा हवा, तेलाची कढई वेगळी. लोणी, जॅम आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये पावाचे कण लागलेला चमचा जातो, म्हणून आपली बरणी वेगळी करून तिच्या झाकणाला लाल चिकटपट्टी लावा. लहान मुलांना अक्षर वाचता येत नाही, रंग कळतो. कणीक चाळायची ती आपला स्वयंपाक झाकून ठेवल्यावर किंवा सगळ्यांत शेवटी.

आई-बापांची एक सवय मात्र सोडावी लागते, मुलांचं उष्टं संपवायची. ताटात उरलेला पोळीचा घास, अर्धं बिस्कीट, वाटीतला शेवयांच्या खिरीचा तळ. हात आपोआप जातो. रक्तातलं टीटीजी वर्षभराने खाली आलेलं नसेल तर पिठाइतकीच या घासांचीही चौकशी करा.

मऊ राहणारी भाकरी

डब्यात आणि जर्सीच्या खिशात थापलेली भाकरी दोन तासांत वाळते आणि मोडते. उकडीची भाकरी टिकते. १ वाटी पाणी, पाव चमचा मीठ आणि १ छोटा चमचा तेल खळखळ उकळा. १ वाटी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, ज्वारीचं पीठ एकदम घाला. उलथन्याच्या दांड्याने ढवळून गॅस बंद करा आणि १० मिनिटं घट्ट झाका. मग हात पाण्यात बुडवत, पीठ सोसवेल इतकं गरम असतानाच चार-पाच मिनिटं मळा. गार झाल्यावर मळलंत तर गुठळ्या राहतात आणि कडा फाटतात. तांदळाच्या पिठीवर लाटा, मध्यम-मोठ्या आचेवर भाजा. गुंडाळी करून द्यायची असेल तर उकळत्या पाण्याआधी पिठात १ मोठा चमचा, ५ ग्रॅमच्या आसपास, इसबगोल मिसळा. ग्लूटेनची ताण धरायची जी शक्ती आहे तिची जागा काही प्रमाणात तो घेतो. जास्त घातला तर भाकरी रबरासारखी होते, आणि रायडीच्या सकाळी तो पोटात नकोच.

भाजल्या भाजल्या डब्यात कोंबू नका. आधी सुती फडक्यात पाच मिनिटं ठेवा, वाफ फडक्यात शोषली जाऊ द्या. तरीही तुटत असेल तर पीठ बघा. तीन आठवड्यांपुढचं ज्वारीचं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, त्याला कितीही मळून उपयोग होत नाही. थोडं थोडं दळा.

खिसा आणि डबा एकाच पातेल्यातून

शनिवारी रात्री एकदा केलं की रविवारच्या रायडीचं आणि मुलांच्या खाऊचं भागतं असा हा पदार्थ. इंद्रायणी तांदूळच घ्या, तो चिकट असतो. बासमती सुटा राहतो आणि वड्या खिशातच चुरा होतात.

इंद्रायणी तांदूळ २०० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, चिरलेला गूळ ८० ग्रॅम, दाण्याचं कूट २ मोठे चमचे, तूप १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, वेलची. भात कुकरमध्ये मऊ शिजवा आणि गूळ त्यानंतरच घाला. आधी घातला तर दाणा कोवळा राहतो, गोडात तांदूळ नीट फुलत नाही. गूळ पडला की भात पातळ होतो, घाबरू नका. जाड बुडाच्या कढईत पाच-सात मिनिटं परता. कडेने सुटायला लागला की बटर पेपर घातलेल्या ताटात दोन सेंटिमीटर जाड थापा, वाटीच्या बुडाने दाबून. पूर्ण गार झाल्यावर आठ वड्या पाडा. एका वडीत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं येतात. बटर पेपरमध्ये गुंडाळा, एक टोक पिळून ठेवा म्हणजे एका हाताने उघडता येतं.

गरम वडी गुंडाळली की आत घाम धरतो आणि ती आंबते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात शिजलेला भात खिशात चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि ओलं खोबरं तर घालूच नका. उन्हाळ्यात लांबच्या रायडीला पहिल्या चार तासांपुरत्याच वड्या न्या, पुढे चिक्की आणि खजूर. मुलांना गोड नको असेल तर गुळाऐवजी जिरं, तूप आणि उकडून कुस्करलेला बटाटा.

बाकी खिशात काय न्यायचं ते उपासाच्या डब्यात बघा. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेली रताळी. आपल्याकडे हे घरोघरी असतं. आयात केलेल्या बारवर शेकडो रुपये घालवायची गरज नाही.

दोनशे किलोमीटरचा हिशेब

ग्लूटेन टाळणाऱ्या सायकलपटूचा घात बहुतेक वेळा कमी खाण्याने होतो. वाटेत खात्रीचं मिळत नाही, 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणत तास निघून जातात आणि दुपारी पाय बंद पडतात. म्हणून घरातूनच हिशेब करून निघा.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. बारा तास धरा. ताशी ४५ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे ५४० ग्रॅम. आठ वड्यांचे २३५. तीन बाटल्यांचे १३५. चार केळी १००. उरलेल्या ७० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमच्या दोन चिक्क्या आणि एक पेला उसाचा रस. उन्हाळा असेल तर चार वड्या कमी करून तेवढेच ग्रॅम खजुरातून घ्या, वीसेक खजूर लागतील.

बाटली अशी भरा : ७५० मिलि पाणी, ४५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, त्यामुळे वेगळी पावडर लागत नाही. साखर-मिठाच्या पुड्या घरी वजन करून बांधा आणि वाटेत पाणी घेऊन त्यात घाला. ओआरएसला इंधन समजू नका. त्याच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ते पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी आहे.

न्याहारी निघण्याआधी दोन-अडीच तास. ६० किलो वजनाच्या माणसाला १०० ग्रॅम कर्बोदकं पुरतात : १०० ग्रॅम कोरडे पोहे आणि एक केळं. साबुदाण्याची खिचडी उत्तम, पण कूट आणि तुपामुळे उशिरा पचते, तिला तीन तास द्या. रायडीनंतर तासाभरात वरण-भात, दही, दोन अंडी. नुकतंच निदान झालं असेल तर दूध आणि व्हे प्रोटीनने (दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पावडरीने) पोट फुगू शकतं. आतड्याला सूज असते तोवर दुधातली साखर पचत नाही. पुष्कळ जण याचा दोष उगाच ग्लूटेनला देतात आणि घरभर पीठ शोधत बसतात. काही महिन्यांनी बहुतेकांना दूध पुन्हा चालतं.

हायवेवर

हॉटेलात 'ग्लूटेन' शब्द काढू नका. स्वयंपाक्याला सरळ सांगा, 'मला गव्हाची अॅलर्जी आहे. गहू, मैदा, रवा काही चालत नाही. हिंगही नको. चमचा धुऊन घ्या.' सीलिअॅक ही अॅलर्जी नाही हे खरं, पण अॅलर्जी म्हटलं की ताबडतोब कळतं.

साधा भात आणि दही, सोलायचं उकडलेलं अंडं, केळी, शहाळं, चहा. एवढ्यावर घाट पार होतो. ऑम्लेट टाळा, त्याच तव्यावर पाव भाजतात. वड्याचं आवरण बेसनाचं असलं तरी कढईत आधी समोसे तळलेले असतात. मिसळीच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. पोहे मागवताना वरची शेव नको म्हणा आणि फोडणीत हिंग पडला का ते विचारा. इडलीत कुठे कुठे रवा घालतात आणि सांबारात हिंग असतोच. उत्तर गुळमुळीत आलं तर खाऊ नका, पिशवीत वडी आहे.

शाळा, वाढदिवस, प्रसाद

मूलही या आहारावर असेल तर वर्गशिक्षिकेला चार ओळींचं पत्र द्या : काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय होतं, कुणाला फोन करायचा. सोबत मुलाच्या नावाचा एक खाऊचा डबा वर्गात ठेवा, राजगिऱ्याच्या वड्या, चिक्की, साधं चॉकलेट. कुणाचा अचानक वाढदिवस निघाला तर बाई त्यातून देतील आणि मूल रिकाम्या हाताने बसणार नाही. मुलांना पथ्याचा त्रास होतो त्याहून एकटं पडल्याचा जास्त होतो. दर महिन्याला डबा तपासून भरा.

हस्तकलेच्या तासाला मैद्याची खळ आणि पिठाचा रंगीत क्ले असतो. हाताला लागल्याने काही होत नाही, तोंडात गेल्याने होतं. साबण-पाण्याने हात धुवायला शिकवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पीठ हातावर तसंच राहतं.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, आणि 'प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याने काय होतं' असं आजी प्रेमानेच म्हणते. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून केळं किंवा साखर-खोबरं बाजूला ठेवायला सांगा. उकडीचे मोदक चालतात, तळलेल्या मोदकांत कणीक किंवा रवा असतो. मुलाला एक वाक्य पाठ करून द्या : 'गहू माझ्या पोटाला चालत नाही, मी केळं घेतो.' पाच वर्षांचं मूल हे व्यवस्थित सांगतं. हात डब्यात घालण्याआधी 'यात गहू आहे का?' विचारायची सवयही त्याच वयात लागते.

मुलांबरोबर सायकल काढाल तेव्हा दर ४०-४५ मिनिटांनी थांबून खायला द्या आणि त्यांची बाटली वेगळी ठेवा. मुलाने बिस्कीट खाऊन आपल्या बाटलीला तोंड लावलं की ती बाटली गेली.

चुकून पोटात गेलं तर

उतारा म्हणून कुठलीही गोळी नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घोट घोट घ्या, सावली बघा आणि राइड सोडा. जुलाबात गेलेलं पाणी उन्हात चालवताना भरून निघत नाही. दोन-तीन दिवस भात, वरण, केळी, आणि सायकल अगदी हलकी किंवा नाहीच. त्या दिवशी काय काय खाल्लं ते लगेच लिहून ठेवा, आठवडा गेला की आठवत नाही.

टीटीजी निदानानंतर सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी करा, पुढे डॉक्टर सांगतील तसं. त्याच वेळी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व बघा. मोठ्यांनी एकदा हाडांची घनताही तपासावी. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही आणि सीलिअॅकमध्ये कॅल्शियम नीट शोषलं गेलेलं नसतं, त्यामुळे दोन्हीकडून हाडांचं नुकसान होतं. आठवड्यातून दोन दिवस जिने चढा, दोरीच्या उड्या मारा. नाचणी रोज खा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू पिळलेली पालेभाजी घ्या आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, लोह जास्त शोषलं जातं. मुलाची उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर तारीख घालून नोंदवा. आहार नीट सुरू असेल तर खुंटलेली उंची साधारण वर्षभरात पुन्हा वर सरकू लागते. सरकली नाही तर ती चौकट आणि पिठाचा डबा दोन्ही डॉक्टरांसमोर मांडा.